गवयाच्या घरातली मुलं

मैफलीआधी निवेदक कलाकाराची ओळख करून देतो, त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: आजचे गायक हे अमुक पंडितांचे चिरंजीव आणि शिष्य. श्रोते मान डोलावतात. पुढच्या रांगेतले जाणकार शेजाऱ्याच्या कानाशी लागून वडिलांचा आवाज काय होता ते सांगू लागतात. गायकाने अजून षड्जही लावलेला नसतो, पण त्याच्या गाण्याचा अर्धा निकाल लागून गेलेला असतो.

मुलगा असणं आणि शिष्य असणं ही दोन नाती आपण एका दमात उच्चारतो, जणू पहिल्याच्या पोटातच दुसरं असतं. मुलगा जन्माने होतो. शिष्य होण्यासाठी मात्र कुणीतरी रोज समोर बसावं लागतं, तीच जागा पुन्हा पुन्हा घोकून घ्यावी लागते, चुका काढाव्या लागतात आणि हे सगळं वर्षानुवर्षं चालवावं लागतं. नावारूपाला आलेल्या कलावंताकडे नेमका वेळच नसतो. तो दौऱ्यावर असतो, नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरत असतो, आकाशवाणीच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या तारखा सांभाळत असतो. काहींना तर आयुष्यच पुरलं नाही. या पुस्तकासाठी थोर कलावंतांच्या मुलामुलींची चरित्रं शेजारीशेजारी ठेवून वाचताना हे वारंवार दिसलं, की यांतल्या कितीतरी जणांना विख्यात आईबापांनी शिकवलं ते फार थोडं. तालीम दिली ती काकांनी, थोरल्या भावाने, आजोळच्या माणसांनी, बापाच्या शिष्यांनी आणि कधी कधी दुसऱ्याच घराण्याच्या उस्तादांनी. घराने काय दिलं आणि इतरांनी काय दिलं, हा हिशेब नीट मांडावा, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

घराने पहिल्यांदा दिला तो कान. लता मंगेशकरांनी अनेकदा सांगितलेली आठवण आहे. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ एका शिष्याला पूरिया धनाश्री घोकायला सांगून उठून गेले. शिष्य चुकत होता. जवळच खेळणाऱ्या चिमुरड्या लताने त्याला थांबवून ती जागा बरोबर गाऊन दाखवली. परत आलेल्या दीनानाथांच्या कानांवर ती पडली आणि गवई आपल्या घरातच आहे हे त्यांना कळलं. मैहरच्या अलाउद्दीन खाँसाहेबांच्या घरातली गोष्ट याच वळणाची आहे. थोरल्या मुलीला सासरी गाण्यापायी सोसावं लागलं म्हणून धाकट्या अन्नपूर्णेला शिकवायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एकदा ते बाहेर गेले असताना भाऊ अली अकबर सरोदचा रियाज करत होता आणि बहीण त्याची चूक दाखवून तो धडा गाऊन सांगत होती. खाँसाहेबांनी परत येताना ते ऐकलं आणि आपला निश्चय मोडला.

या दोन्ही कथा सांगणाऱ्यांच्या तोंडी थोड्या घडीव झाल्या असतील. पण दोन्हींत बाप खोलीत नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. मुलीला कुणी शिकवत नव्हतं. ती शेजारच्या खोलीत दुसऱ्यासाठी चाललेली तालीम ऐकत होती आणि जे शिष्याला दहादा सांगावं लागत होतं ते तिच्यात आपसूक मुरत होतं. गवयाच्या मुलाला इतरांपेक्षा जास्त मिळतं ते हे. स्वर, लय, रागाचं चलन या गोष्टी त्याला बोलायला शिकण्याबरोबरच कळू लागतात. झाकीर हुसेन यांचा जन्म 1951 साली माहीमला झाला. बाळाच्या कानात प्रार्थना म्हणायची तर वडील अल्लारखाँनी तबल्याचे बोल म्हटले, ही गोष्ट झाकीरभाई आयुष्यभर कौतुकाने सांगत. पुढे पहाटे तीनला उठून बाप आणि मुलगा बोलांची पढंत करत, मग मुलगा शाळेला जाई. झाकीर यांना दोन्ही मिळालं, घरातला कान आणि बापाची प्रत्यक्ष तालीम. म्हणूनच त्यांचं उदाहरण सगळ्यांच्या जिभेवर असतं. पण तो नियम आहे असं समजणं चुकीचं.

कारण मृत्यूने या घरांत फार लवकर पाय ठेवला. 24 एप्रिल 1942 रोजी दीनानाथ पुण्यात वारले तेव्हा त्यांचं वय अवघं एकेचाळीस होतं. लता बारा वर्षांची होती, हृदयनाथ साडेचार वर्षांचे. त्यांच्या बलवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीचं वैभव तोवर ओसरलं होतं आणि मुलांच्या वाट्याला आली ती घर चालवण्याची जबाबदारी. लताबाईंनी त्याच वर्षी मराठी चित्रपटात काम आणि गाणं सुरू केलं. शास्त्रीय गाण्याची पुढची तालीम त्यांनी मुंबईत घेतली ती भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांच्याकडे. हृदयनाथ शिकले अमीर खाँसाहेबांकडे. म्हणजे दीनानाथांची मुलं म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांच्यातल्या दोघांनी आपली गायकी दोन वेगळ्या दारांतून आणली. तरीही हृदयनाथांच्या चालींत स्वर ज्या धिटाईने अनपेक्षित जागी उडी घेतो, तिथे दीनानाथ आठवल्याशिवाय राहत नाहीत. साडेचार वर्षांच्या मुलाला बापाकडून किती मिळालं असेल? बाकीचं आईच्या आठवणींतून, बहिणींच्या गळ्यांतून आणि जुन्या तबकड्यांतून आलं.

पलुस्करांच्या घरात हीच गोष्ट दहा-अकरा वर्षं आधी घडली होती. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर स्वतः कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचे चिरंजीव. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टीला इजा झाली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. 1931 च्या ऑगस्टमध्ये मिरजेतच ते गेले, तेव्हा एकामागून एक भावंडं गमावून वाचलेला त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. त्याला घडवलं विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या बापाच्या शिष्यांनी. बापाने शिष्यांना जे दिलं ते शिष्यांनी मुलाला परत केलं. चौदाव्या वर्षी हा मुलगा जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला. 1952 च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात अमीर खाँसाहेबांच्या समोर बैजूचा आवाज त्याचा होता. आणि 1955 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. द. वि. पलुस्करांचा गोड, नितळ, कुठेही जोर न दाखवणारा आवाज ऐकताना एक गोष्ट विसरू नये. हा आवाज विष्णु दिगंबरांच्या घरातला असला, तरी त्याची घडण शिष्यांच्या हातची आहे.

सतारीतलं उदाहरण विलायत खाँसाहेबांचं. 1938 साली कोलकात्यात इनायत खाँ गेले तेव्हा विलायत दहा वर्षांचे होते. त्यानंतरची तालीम आजोबा बंदे हसन खाँ आणि मामा झिंदा हसन खाँ यांच्याकडे झाली, आणि आजोळ होतं गवयांचं. मुलाचा ओढा गाण्याकडे जाऊ लागला तेव्हा बशीरन बेगम या त्यांच्या आईने त्यांना अडवलं, ही हकिकत प्रसिद्ध आहे. स्वतः गवयांच्या घरात जन्मलेल्या त्या बाईंचा आग्रह होता की मुलाने बापाची सतारच हातात धरावी. मुलाने आईचं ऐकलं खरं, पण सतारीला गायला लावलं. विलायतखानी बाजाची जी गायकी अंग म्हणून कीर्ती झाली तिचं मूळ या तडजोडीत आहे: वाद्य बापाकडचं, गाणं आईकडचं. बाप जगता तर कदाचित मुलगा उत्तम सतारिया झाला असता, पण हा बाज जन्मला असता की नाही कोण जाणे.

दुरावा केवळ मृत्यूचाच नसतो. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात असताना सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याबरोबर घर सोडून निघाली. त्यांना पाच मुलं झाली. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, सकिना पुढे सरस्वती राणे म्हणून गाजली. कृष्णराव आणि कमलाबाई ही उरलेली दोन भावंडंही गाण्यातच राहिली. हिराबाईंची मुख्य तालीम झाली अब्दुल वहीद खाँ आणि थोरले बंधू सुरेशबाबू यांच्याकडे. बापाचं नाव गेलं, घर गेलं, तरी किराना गायकी मात्र या पाचांच्या गळ्यांत टिकून राहिली. हिराबाई तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी. कुलीन बाईने पांढऱ्या स्वच्छ साडीत रंगमंचावर स्थिर बसून ख्याल गावा, हे दृश्य महाराष्ट्राला त्यांनी सवयीचं केलं. त्यांनी आणि सरस्वतीबाईंनी दोन बहिणींच्या जुगलबंदीची वाट पाडली. सुरेशबाबूंनी प्रभा अत्रेंसारखी शिष्या घडवली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या चरित्रात या मुलांना जेवढी जागा मिळते, त्याहून कितीतरी मोठी जागा त्यांनी महाराष्ट्राच्या गाण्यात मिळवली.

असाच दुरावा रविशंकरांच्या दोन मुलींमध्ये दिसतो. अनुष्का वडिलांजवळ सतार शिकली आणि त्यांच्याबरोबर रंगमंचावर बसली. नोरा जोन्स अमेरिकेत टेक्सासमध्ये आईजवळ वाढली, पियानो आणि जॅझकडे वळली आणि 2003 साली पाच ग्रॅमी पुरस्कार घेऊन जगासमोर आली. त्या यशात वडिलांच्या तालमीचा काही वाटा नव्हता. रक्तातून स्वर येतो असं मानणारे नोराकडे बोट दाखवतात. तालमीवर विश्वास असणारे अनुष्काकडे. दोघी बहिणींनी हा वाद न सोडवता आपापलं काम केलं, हे त्यांचं शहाणपण.

आता आयांकडे वळतो. घराण्याची वंशावळ छापली जाते तेव्हा तिच्यात बाप, मुलगा, पुतण्या, नातू अशी पुरुषांची रांग असते. बाई आली तर ती शिष्या म्हणून, बाजूच्या रेघेवर. पण महाराष्ट्र आणि गोव्यातलं विसाव्या शतकातलं गाणं पाहिलं तर आईकडून मुलीकडे गेलेला प्रवाह निदान तेवढाच जोरकस आहे. ज्या घरांत गाणं हे बायकांचंच काम होतं, तिथे मुलीला गाणं द्यायचं की शाळेत घालून त्यापासून दूर न्यायचं, हा आईपुढचा खरा प्रश्न होता. देवळाशी आणि दरबाराशी बांधलेल्या गोव्यातल्या कलावंत घराण्यांत अनेक आयांनी दूर न्यायचं ठरवलं, आणि त्यांचं चुकलं असं म्हणण्याचा अधिकार मैफलीत बसणाऱ्या आपल्याला नाही. ज्यांनी गाणं दिलं त्यांनी ते समजून उमजून दिलं.

मोगूबाई कुर्डीकर त्यांतल्या एक. जन्म 1904 चा, साळावलीच्या धरणाखाली गेलेल्या गोव्यातल्या कुर्डी गावचा. लहान वयात आईचं छत्र गेलं, नाटक कंपन्यांत दिवस काढले, सांगलीला अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर त्यांचा आवाज गेला आणि तालीम सुरू झाली. ती तुटली, आग्र्याच्या उस्तादांकडे गेली, खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे आली आणि अखेर पुन्हा खाँसाहेबांकडे पोचली. इतक्या कष्टाने मिळवलेली विद्या मुलीच्या हाती सहज पडू द्यायची नाही, हे माईंनी, म्हणजे मोगूबाईंनी, ठरवलेलंच असावं. नवरा अकाली गेलेला, तीन मुलं पदरात. मुलगी किशोरी तानपुरा घेऊन आईच्या मागे बसे. माई ओळ दोन-तीनदाच गात आणि तेवढ्यात ती उचलावी लागे, असं किशोरीताई सांगत. शिवाय माईंनी मुलीला इतरांकडेही पाठवलं. अंजनीबाई मालपेकर, शरच्चंद्र आरोलकर अशा वेगवेगळ्या परंपरांतल्या गुरूंचा तिला लाभ झाला. आई समोर होती, पण ती आई म्हणून सवलत देत नव्हती. दूर असलेल्या बापाइतकीच ती कठोर राहिली.

आणि मग मुलगी निघाली. पंचविशीच्या सुमारास किशोरीताईंचा आवाज काही काळ गेला. गाता येत नव्हतं तेव्हा त्या मनातल्या मनात गात राहिल्या, आणि आवाज परतला तेव्हा जयपूरच्या पेचदार, लयीला घट्ट बांधलेल्या गायकीत त्यांनी आलापाला आणि रागाच्या भावाला अशी जागा दिली, की जुन्या जाणकारांनी घराणं मोडलं म्हणून ओरड केली. माईंचं गाणं आणि ताईंचं गाणं लागोपाठ ऐकलं तर फरक अडाण्यालाही कळतो. माईंचा प्रत्येक स्वर मोजूनमापून पाऊल टाकतो. ताईंचा स्वर थांबतो, विचारतो, परत फिरतो. 1974 साली आईला पद्मभूषण मिळालं आणि 1987 साली मुलीला. दोघींना एकाच घराण्याच्या मानायचं की नाही, यावर समीक्षक अजून भांडतात. माझं मत स्पष्ट आहे: आईने इतकं पक्कं दिलं म्हणूनच मुलीला ते मोडता आलं. कच्चं शिकलेल्याला मोडताही येत नाही, त्याचं फक्त निसटतं.

शोभा गुर्टू यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर याही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. मुलगी कोल्हापुरात भुर्जी खाँ यांच्याकडे ख्याल शिकू लागली, पण आईला ठुमरी-दादरा शिकवायला आलेल्या घम्मन खाँ यांच्याकडून तिने जे उचललं त्यावर तिचं आयुष्य उभं राहिलं. शोभाताईंचे चिरंजीव त्रिलोक तालवाद्यांकडे वळले आणि युरोपात जॅझच्या दुनियेत नाव काढून बसले. तीन पिढ्या, तीन वाटा. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. मुलगी हिंदुस्थानीकडे वळली तेव्हा तिच्या कानावर आपल्या पद्धतीचा संस्कार पडू नये म्हणून अंबाबाईंनी आपलं गाणं थांबवलं, असं सांगितलं जातं. मुलीसाठी गाणाऱ्या आया पुष्कळ असतील, मुलीसाठी गप्प बसलेली ही एक. तिचं नाव कुठल्याही वंशावळीत नाही.

उलट्या दिशेचा प्रवासही या पुस्तकात आहे. थोर बापाचा मुलगा स्वतः गादीवर बसण्यापेक्षा बापाची विद्या परक्यांच्या हाती पोचवण्यात आयुष्य घालवतो, अशी घरं आहेत. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ हे बुलंद कलावंत. त्यांच्याकडे धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर शिकू लागले आणि थोड्याच काळात, 1937 साली, मंजी खाँ गेले. धाकटे भुर्जी खाँ पुढे आले आणि त्यांनी मन्सूरांची तालीम पुरी केली. वामनराव सडोलीकर, गजाननबुवा जोशी, धोंडूताई कुलकर्णी हे सारे भुर्जी खाँ यांच्याकडे शिकले. स्वतः भुर्जी खाँ यांचं नाव आज किती रसिकांना ठाऊक आहे? त्यांचे चिरंजीव अझीझुद्दीन खाँ यांनी घराण्याच्या चिजा आणि अनवट राग जपले, शिकवले आणि आजोबांच्या तोंडून त्यांचं आत्मकथन टिपून ठेवलं. अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते शिष्यांच्या गळ्यांतून आणि नातवाच्या लेखणीतून. मन्सूरांचे चिरंजीव राजशेखर धारवाडच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी वडिलांची गायकी सांभाळली आणि पोटासाठी गाण्यावर अवलंबून राहिले नाहीत. हाही एक मार्ग, आणि कमी प्रतीचा नव्हे.

गजाननबुवांचं घर तर अभ्यासण्यासारखं आहे. वडील अंतूबुवा जोशी हे ग्वाल्हेर परंपरेचे मान्यवर, बाळकृष्णबुवांचे शिष्य. मुलाने त्यांच्याकडून सुरुवात केली, मग रामकृष्णबुवा वझे, भुर्जी खाँ, आग्र्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडे तो गेला आणि व्हायोलिनही वाजवू लागला. घराणेदार गवयाच्या मुलाने घराण्याबाहेर इतकं फिरावं आणि बापाने ते फिरू द्यावं, यात त्या काळचा मोकळेपणा दिसतो. घराण्यांच्या भिंती आज आपण समजतो तितक्या उंच तेव्हाही नव्हत्या.

इथवर ख्यालाची घरं झाली. पण गाण्याचा वारसा म्हटला की तंबोरा आणि गादीच डोळ्यांपुढे येते, ही आपली खोड आहे, आणि ती मोडण्यासाठी पुस्तकातली दोन मोठी प्रकरणं दुसऱ्या वस्तीत नेली आहेत. पहिलं प्रल्हाद शिंदे यांच्या घराचं. विठ्ठलाची गाणी, कव्वाल्या, भीमगीतं, लोकगीतं असं अफाट गायलेला हा माणूस कॅसेटच्या जमान्यात चाळीचाळींत आणि गावजत्रांत पोचला. आनंद आणि मिलिंद ही मुलं त्याच आवाजाच्या जोरावर उभी राहिली, आणि नातू आदर्श आज चित्रपटांत गातो. आवाजाची तीच फेक, तोच मोकळा वरचा स्वर, उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपकासमोर हजारोंना धरून ठेवण्याची तीच विद्या, तीन पिढ्या टिकलेली. या घराला कुणी घराणं म्हणत नाही. तीन पिढ्या, ओळखू येणारी गायनशैली, बापाकडून मुलाकडे प्रत्यक्ष चालत आलेली तालीम, या कसोट्या लावल्या तर शिंदे यांचं घर कित्येक नामांकित घराण्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे घराणं ठरतं. तरी तो शब्द त्यांच्या वाट्याला येत नाही, याचं कारण गाण्यात शोधून सापडणार नाही. ते जातीत आणि सभागृहांच्या तिकिटांत सापडतं.

दुसरं प्रकरण तमाशाचं. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड नावाजलेला. बापूंच्या कन्या विठाबाई. ऐन खेळात बाळंतकळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकिकत महाराष्ट्राला पाठ आहे. कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला. फडाचा वारसा म्हणजे केवळ लावणी आणि बतावणी नव्हे. त्यात मालट्रक असतात, राहुट्या असतात, ढोलकीवाला, सोंगाड्या आणि स्वयंपाकीण असतात, यात्रांच्या सुपाऱ्या असतात आणि व्याजाने काढलेलं कर्ज असतं. ख्यालगायकाच्या मुलाने गाणं सोडलं तर एक गायक कमी होतो. फडमालकिणीच्या मुलीने फड सोडला तर अनेक चुली विझतात. विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, त्यांच्या नावाने राज्य शासन आज पुरस्कार देतं, पण 2002 साली त्या गेल्या त्या हलाखीतच. मंगलाताईंनी हे सगळं डोळ्यांनी पाहून फड चालवला. वारशाची इतकी चोख किंमत दुसऱ्या कुठल्या प्रकरणात मोजलेली नाही.

नावाचा फायदा होत नाही का? होतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ओळखीचं आडनाव असेल तर पहिली मैफल लवकर मिळते, साथीला चांगला तबलिया बसतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. गदगच्या शाळामास्तरांचे चिरंजीव भीमसेन जोशी गुरूच्या शोधात पोरवयात घरातून पळाले आणि गाड्यांतून विनातिकीट हिंडले. गवयाच्या मुलाला गुरू शोधत हिंडावं लागत नाही, तो दारावरची बेल वाजवत घरी येतो. ज्यांच्या घरी गाणं नाही त्यांनी या विषमतेबद्दल तक्रार केली तर ती रास्तच आहे. पण आडनाव पहिली मैफल देतं, दहावी देत नाही. आणि आता या मुलांवर एक नवं ओझं आलं आहे, जे भुर्जी खाँ यांना ठाऊक नव्हतं. बाप आता केवळ आठवणीत नसतो, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो. मुलाने राग संपवायच्या आत श्रोता घरी जाऊन वडिलांचा तोच राग लावून पाहू शकतो, आणि वडिलांच्या हजार मैफलींपैकी निवडलेल्या एका अमर मैफलीशी मुलाच्या कालच्या मैफलीची तुलना करतो.

या ओझ्याखाली कोण कसा वागला, हे शेवटच्या भागात आहे. कुमार गंधर्वांचे चिरंजीव मुकुल यांनी वडिलांच्या विद्येत के. जी. गिंडे यांच्याकडचं ध्रुपद आणि एम. डी. रामनाथन यांच्याकडचं कर्नाटक संगीत मिसळलं आणि प्रसिद्धीच्या वाटेला ते फारसे गेलेच नाहीत. कन्या कलापिनी यांनी वडील आणि आई वसुंधरा कोमकली या दोघांचं गाणं घेऊन देवासचं घर जागतं ठेवलं. सुधीर फडके यांचे चिरंजीव श्रीधर यांनी एअर इंडियात नोकरी केली, संगीतकार म्हणून वेगळी चाल शोधली आणि तरीही गीतरामायण वडिलांच्या श्रद्धेने गात राहिले. राहुल देशपांडे तर वसंतराव देशपांडे यांचे नातू. वसंतराव 1983 साली गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. त्यांना गाणं शिकवलं ते इतर गुरूंनी, त्यांतले एक मुकुल शिवपुत्र. ‘कट्यार काळजात घुसली’ त्यांनी 2010 साली रंगमंचावर पुन्हा आणलं, आणि 2022 च्या ‘मी वसंतराव’ चित्रपटात आजोबांची भूमिकाच केली. आजोबांना त्यांनी इतकं उघडपणे अंगावर घेतलं, की त्यानंतर आपल्या आवाजात गायला ते मोकळे झाले, असं मला वाटतं.

या सगळ्यातून माझा निष्कर्ष एवढाच. गाण्याचा वारसा रक्ताने पोचत नाही आणि एकट्या बापानेही पोचत नाही. तो पोचवायला विनायकबुवा लागतात, झिंदा हसन खाँ लागतात, भुर्जी खाँ लागतात, बशीरन बेगम आणि अंबाबाई लागतात. मोठ्या नावांच्या मधल्या जागेत उभी असलेली ही माणसं आहेत आणि इतिहासाने त्यांचे उपकार फारसे फेडलेले नाहीत. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी विख्यात आईबापांच्या आधी शिकवणाऱ्यांचा परिचय दिला आहे. काही वाचकांना हा क्रम उफराटा वाटेल, पण तो जाणून केला आहे.

वाचकांना एकच विनंती. प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, मात्र गाणं ऐकत वाचा. ऐकताना आधी मुलाचं किंवा मुलीचं ध्वनिमुद्रण लावा, ते पूर्ण ऐका, आणि वडिलांचं किंवा आईचं त्यानंतर. आजवर आपण नेमका उलटा क्रम पाळत आलो, आणि त्यापायी दुसऱ्या पिढीचं पुष्कळ चांगलं गाणं आपल्या कानांनी नीट ऐकलेलंच नाही.